शमसाची वाक्यं

१२ फेब्रुवारी १९८७, गुरुवार

मास्तरांना जाऊन दहा दिवस झाले. सकाळी पठणाला आलेल्या बायका गेल्या. चटया झटकल्या, गुंडाळून ठेवल्या. दुपारी नणंदबाईंनी नारळाच्या रसातला मासा केला. मी दोन घास खाल्ले.

विधवेच्या इद्दतीचे अजून चार महिने. घराबाहेर पाऊल नाही, अत्तर नाही, मेंदी नाही, परक्या पुरुषासमोर बोलणं नाही. हे शेवटचं मला जड नाही. बोलणं मला कधी जमलंच नाही.

संध्याकाळी फरीद आला. मास्तरांचा जुना विद्यार्थी, आता तिशीचा. मोंबासाला छापखाना चालवतो. तो ओट्यावर, मी दाराआड. मध्ये नणंदबाई, अडसरासारख्या.

"बाईंना सांगा, मास्तरांचा शब्दकोश मी छापणार."

"ऐकतेय ती. विधवा झालीय, बहिरी नाही."

मास्तरांचं तीस वर्षांचं काम. स्वाहिली शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ, खाली एक वाक्य — शब्द वापरायचा कसा ते दाखवायला. बिस्किटांचे अकरा डबे भरून कार्डं आहेत. ती अक्षरांप्रमाणे लावायची, वहीत नीट उतरवून काढायची. फरीद म्हणाला, "बाईंशिवाय कोण करणार? मास्तर वर्गात सांगायचे — माझ्या घरात माझ्याहून चांगलं इंग्रजी जाणणारं माणूस आहे."

मला कधी सांगितलं नाही.

मी दारावर दोनदा टकटक केली. म्हणजे हो.

१५ फेब्रुवारी

पहिला डबा उघडला. कार्डं म्हणजे चहाच्या खोक्यांचे कापलेले तुकडे. अजून चहाचा वास येतो. बावीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, कागद लावायची सवय आहे. बरं वाटलं. हाताला काम मिळालं.

'पुंदा — गाढव. गाढवाला वाट ठाऊक असते. धन्याला वाटतं, आपण हाकतोय.'

हसू आलं. मग लाज वाटली. तेराव्या दिवशी हसते मी! पण मास्तर घरात असं कधी बोलत नसत. जेवण झालं की "अल्हम्दुलिल्ला" म्हणायचे आणि डबे घेऊन बसायचे. आमच्या लामू बेटावर गल्लीत दोन गाढवं समोरासमोर आली तरी आवाज होतो. आमच्या घरात तेवढाही नव्हता.

१८ फेब्रुवारी

'बेम्बेलेझा — थोपटून निजवणे. शमसाला थोपटल्याशिवाय झोप येत नाही.'

शमसा कोण? आमच्या गल्लीत या नावाचं कुणी नाही.

२१ फेब्रुवारी

बी अक्षर संपलं. डोळे दुखतात.

२७ फेब्रुवारी

'चुंग्वा — संत्रं. शमसा संत्र्याची साल अख्खी सोलते आणि बांगडीसारखी हातात घालते.'

पुन्हा शमसा. इतर वाक्यांत नावं येतात आणि जातात. कोळी, इमाम, खलाशी, कुणीही. हिचं नाव मात्र परत परत येतं. आज तीनदा आलं. एका कार्डावर तिला ताप आहे. एका कार्डावर ती मशिदीच्या शाळेत जायला रडते.

पुस्तकातली पोरगी असेल. मुलांना लक्षात राहावं म्हणून एकच नाव घेतलं असेल. मीही फळ्यावर तसं करायचे.

पण फळ्यावरच्या पोरीला ताप येतो का?

३ मार्च

के अक्षर. आज जेवले नाही.

'कितोवेओ — कालवण. शमसाच्या आईच्या हातचं कालवण खाल्लं की बाहेरचं जेवण घशाखाली उतरत नाही.'

'किम्या — गप्प असणे. शमसाची आई गप्प असते तेव्हाही घरात कुणीतरी आहे असं वाटतं.'

शमसाची आई!

एकोणतीस वर्षं मी मास्तरांना रांधून घातलं. मीठ कमी आहे, एवढंच ऐकलं. आणि ते कालवण कुणाच्या हातचं, तर शमसाच्या आईच्या हातचं!

तीही कमी बोलते म्हणे. मास्तरांना तसलीच आवडत असणार. एक पुरली नाही.

वर्षातून दोनदा शब्द गोळा करायला म्हणून शेजारच्या बेटावर, सियूला जायचे. बोटीने. पाच-पाच, सहा-सहा दिवस. परत आले की कपड्यांना दुसऱ्याच्या चुलीचा वास. चेहरा मात्र उजळलेला. मी वाटेत खायला शिदोरी बांधून द्यायचे. मी स्वतः!

५ मार्च

दुसरी बायको करायला धर्माची आडकाठी नाही. चार करा. पण समोर आणून करा. सांगून करा. चोरून केली की पहिलीला आपण आजवर कुणाच्या घरात राहत होतो तेच कळेनासं होतं.

आपल्याला मूल नाही, हे तरी दोघांचं मिळून होतं असं मला वाटायचं. लग्नानंतर दोन वर्षांनी, साठ साली, एक झालं होतं. मला झटके आले, चार दिवस शुद्ध नव्हती. उठले तेव्हा पाळणासुद्धा माळ्यावर गेला होता. मुलगी होती एवढं कळलं. सासूबाई म्हणाल्या, विचारू नकोस, दुसरं होईल. मी विचारलं नाही. दुसरं झालं नाही. मास्तरही त्यावर कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, आम्ही दोघं एकाच गोष्टीवर गप्प आहोत.

ते कुठे गप्प होते! त्यांचं भरलं घर होतं.

९ मार्च

विचारलं. नणंदबाई खवणीवर बसून नारळ खवत होत्या.

"ताई, शमसा कोण?"

खवणी थांबली.

"कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे आहे."

"कुणी सांगितलं, वहिनी?"

"त्यांनीच. लिहून ठेवलंय."

त्यांनी हात अंगावर गुंडाळलेल्या कांग्याला पुसले. पुसतच राहिल्या. "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तुला कळू द्यायचं नाही. तुझ्याच भल्यासाठी गं! आईनं शपथ घातली होती त्याला."

"सासूबाईंनाही ठाऊक होतं?"

"आता नको उकरूस. तो गेला. अल्लाकडे मिटलं सगळं."

अर्धा नारळ तसाच टाकून उठल्या. तो मी खवला. टाकून कसा द्यायचा.

१० मार्च

नणंदबाई लेकीकडे राहायला गेल्या. "दोन दिवसांनी येते." माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

११ मार्च

सासू. नणंद. सगळे. माझ्या भल्यासाठी!

१९ मार्च

सगळे डबे उपसले. अक्षरं बाजूला ठेवली. फक्त शमसाची कार्डं वेचली. त्रेसष्ट निघाली.

वयाप्रमाणे लावली. अवघड नाही. जुनी कार्डं परीक्षेच्या कोऱ्या पुठ्ठ्याची आहेत, निळ्या शाईची. मग पिवळा चहाचा खोका. मग हिरवा. शेवटच्या कार्डांवर अक्षर थरथरतं — ते मास्तरांच्या दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतरचं.

'जिनो — दात. शमसाला आज खालचा पहिला दात दिसला.'

'ओगोपा — भिणे. शमसा अंधाराला भीत नाही, पण मांजरीला भिते.'

'कुआ — वाढणे. शमसा इतकी वाढली की मागच्या ईदचा झगा गुडघ्यावर आला.'

'नुना — रुसणे. शमसा बापावर रुसली आहे. तो तिच्यासाठी हलवा आणायला विसरला.'

'सुका — वेणी घालणे. शमसाची आई तिची वेणी इतकी घट्ट घालते की पोरीचे डोळे वर ओढले जातात.'

हे वाचून क्षणभर माझीच बोटं हलली. शाळेत मुलींच्या वेण्या सुटल्या की मीच घालायचे. घट्टच. मुली ओरडायच्या.

शेवटचं कार्ड: 'पोसा — मागणी घालणे. शमसाला मागणी आली. बाप म्हणतो, एवढ्यात नाही.'

बाप!

एक अख्खं आयुष्य जमिनीवर चटईवर मांडून ठेवलं होतं. त्यात मी कुठेच नव्हते. मास्तर रोज संध्याकाळी माझ्यासमोर, माझ्या दिव्याच्या उजेडात बसून हे लिहीत होते. मी त्यांना चहा आणून देत होते. ते कार्ड पालथं घालायचे. मला वाटायचं, शाई वाळू देतात.

२० मार्च

आज शेगडी 'दात' या शब्दाने पेटवली.

पुठ्ठा चांगला पेटतो. कोळसा लगेच धरला.

२१ मार्च

'संत्रं.'

२४ मार्च

एका वेळी एकच. एकदम जाळायची नाहीत. मला एकदम कुणी सांगितलं? मीही सावकाश करीन.

चहा मात्र चांगला होतो.

४ एप्रिल

नणंदबाई आल्या. दोन दिवसांचे पंचवीस दिवस करून आल्या. डोळे सुजलेले. पीठ मळायला बसल्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. मंदाझीचे गोड वडे तळले. दोघींनी खाल्ले.

११ एप्रिल

फरीद आला. दक्षिणेचा वारा सुरू झालाय, बोटीत उलट्या झाल्या म्हणाला. नणंदबाईंनी लिंबू दिलं.

"बाई, किती झालं?"

आज मी नणंदबाईंना मध्ये घेतलं नाही. दाराआडूनच बोललो दोघं. "एल अक्षरापर्यंत. पण शमसाची वाक्यं मी काढून टाकणार."

ओट्यावर फरीद हसायला लागला. "शमसाची? बाई, तेवढं करू नका. मास्तर म्हणायचे, बाकी काय हवं ते कापा, शमसाला हात लावाल तर पुस्तकच नको!"

"तुला ठाऊक आहे ती?"

"सगळ्या वर्गाला ठाऊक! आम्ही चिडवायचो — मास्तर, शमसा मोठी झाली, आम्हाला द्या! मास्तर म्हणायचे, आधी व्याकरण सुधार, चुकीच्या वाक्यात माझी पोरगी देणार नाही!" आणि पुन्हा हसला. "एकदा तो हसन — आता जहाजावर असतो — त्यानं खरंच निबंधात मागणी घातली. मास्तरांनी लाल शाईत लिहिलं, 'नामंजूर. हस्ताक्षर वाईट.'"

आत नणंदबाईंच्या हातातून तांब्या पडला.

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

"कोण?"

"शमसा."

"बाई, ती आपली... वाक्यातली ना?" फरीदचा आवाज बदलला. "काल्पनिक. नाही का?"

सारवासारव करतो! मास्तरांचा लाडका. सगळा वर्ग हसत होता, आणि मी त्याच लोकांना ईदला हलवा पाठवत होते.

"पुढच्या वेळी ये," म्हटलं. "इद्दत संपल्यावर."

१२ एप्रिल

'थोपटून निजवणे' जाळलं.

३० एप्रिल

रमजान लागला. पहाटे उठून शेगडी. कार्ड. उजीची पेज. रोजा.

देवाला विचारलं, रोज्यात माणसाने राग धरला तर रोजा तुटतो का? भूक लागली एवढंच.

९ मे

रात्रभर एकच विचार येत होता, आणि तो दिवस उजाडला तरी गेला नाही. तीही बसली असेल. त्या सियूतल्या घरात, माझ्यासारखीच, अत्तराशिवाय, दाराआड. तीही चार महिने दहा दिवस मोजत असेल. एकाच माणसासाठी दोन बेटांवर दोन बायका भिंतीकडे तोंड करून बसल्यात. आणि तिच्याजवळ निदान लेक आहे. डोकं चेपायला.

तिला माझं नाव ठाऊक असेल का? की मी पण कुठल्या वाक्यात आहे — 'रुकिया — मास्तरांची लामूतली अडचण'?

१८ मे

नणंदबाई इफ्तारला म्हणाल्या, "तू माझ्या भावावर, अथमानवर रागावली आहेस."

मी खजुरांच्या बिया काढत होते.

"रागाव. तुझा हक्क आहे. पण तो दगड नव्हता गं. त्याला जमलं नाही."

"तीस वर्षं?"

"एकदा नाही बोललं की दुसऱ्यांदा अवघड जातं. तुला ठाऊक आहे की. तू तरी कुठे विचारलंस?"

म्हणजे दोष माझा! खजुराची बी मी इतक्या जोरात टाकली की ती शेगडीला लागून परत आली.

२९ मे

ईद. मी नवे कपडे घातले नाहीत, घालायचे नव्हतेच. गल्लीतली पोरं ईदी मागून गेली. बारा-तेरा वर्षांची एक होती, झगा गुडघ्यावर आलेला. तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. ती घाबरली.

३ जून

बावीस कार्डं उरली. एक्केचाळीस गेली.

ठरवलं. इद्दत संपली की सियूला जायचं. तेरा तारखेला बोट आहे. त्या बाईच्या दारात उभी राहीन. भांडणार नाही. मला भांडता येत नाही. फक्त उरलेली कार्डं तिच्या हातात देईन आणि म्हणेन — हे तुमचं. माझ्या घरात राहिलं होतं.

शमसालाही बघेन. एकदा. मास्तरांचं नाक आहे का ते.

१० जून

इद्दत संपली. नणंदबाईंनी पहाटे आंघोळ घातली. डोक्यावरून तांब्या, आणि तोंडाने दुवा. पांढरे कपडे उतरवले. नवा कांगा दिला, स्वतः आणलेला. मनगटाला अत्तर लावलं. चार महिन्यांनी वास आला तर चक्कर आल्यासारखं झालं.

"आता कुठे जायचंय पहिलं?" त्यांनी विचारलं. "समुद्रावर? माझ्या लेकीकडे?"

"सियूला. तेरा तारखेच्या बोटीने. तिला भेटायला."

"कुणाला?"

"शमसाला. आणि तिच्या आईला."

त्यांच्या हातातली अत्तराची बाटली तशीच राहिली, बूच दुसऱ्या हातात. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलले. मग एकदम खाली बसल्या, ओल्या फरशीवरच.

"या अल्ला! तुला वाटलं... एवढे दिवस तुला तसं वाटलं?"

"मग काय वाटावं?"

"सियू नाही. वहिनी, सियू नाही! उद्या माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"जवळच. चल म्हटलं ना!"

मग नुसत्या माझे केस पुसत राहिल्या, वाळले तरी.

११ जून

कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभ्या राहिलो. बायका आत जात नाहीत. नणंदबाईंनी बोटाने दाखवलं. मास्तरांची नवी कबर, आणि तिच्या कुशीला एक वीतभर दगड, शेवाळलेला.

"त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, मला हिच्याशेजारी ठेवा. मीच आंघोळ घातली होती तिला. तीन तास जगली. पुरायच्या आधी बापानं नाव ठेवायचं असतं, कयामतीला हाक मारायला. त्यानं ठेवलं, शमसा. आई म्हणाली, रुकियाला नाव कळू देऊ नका. नाव कळलं की ती त्याच नावाला हाका मारत बसेल."

मी विचारलं, "सियूत काय होतं मग?"

"शब्द, वहिनी. शब्दच होते."

घरी एकटी आले. बुईबुईचा काळा बुरखा खुंटीला लावला. ही वही पहिल्यापासून वाचली. उतरवलेली वाक्यं इथे आहेत. बाकीची पाठ आहेत, रागात इतक्यांदा वाचली होती.

कालवणाचं कार्ड जळलं. गप्प असण्याचंही.

शेगडी जुन्या वर्तमानपत्राने पेटवली. चहाचा खोका डब्यात रिकामा केला, कात्रीने उलगडला, बाजू कापल्या. चोवीस तुकडे झाले. एक्केचाळीस लागतील. दौतीत पाणी घालून शाई पातळ केली.

'जिनो — दात' इथून सुरुवात केली.